पाडव्याचं टेबल घरच्या हातांनी: महिरप, मांडणे आणि झेंडू

दिवाळीचा फराळ आपण घरी करतो, आकाशकंदील घरी करायची हौसही अजून बऱ्याच घरांत टिकून आहे. जेवणाच्या टेबलावर मात्र बाजारातली प्लास्टिकची फुलं आणि चमकीची चटई येऊन बसते. याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ताट सजवणं ही आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली कला आहे. ताटाभोवती रांगोळी, मोत्यांची महिरप, शेजारी विडा. पंगत पाटावरून टेबलावर आली आणि हे सगळं रुखवतात ठेवण्यापुरतं उरलं.

इंदूरच्या मराठी माणसाकडे तर दुहेरी ठेव आहे. आपली महिरप आहेच, शिवाय इथल्या मातीतला मांडणा, म्हणजे गेरूवर पांढऱ्याने काढायची माळवी नक्षी आहे आणि अहिल्यादेवींच्या महेश्वरच्या साडीचा काठ आहे. या तिन्हींतून पाडव्याचं किंवा भाऊबीजेचं टेबल घरच्या घरी कसं सजवायचं, ते पुढे सविस्तर लिहिलं आहे. दसरा ते दिवाळी वीस दिवस हातात असतात. त्यातले दोन रविवार आणि चार-दोन संध्याकाळी दिल्या तर पुरतात.

सगळ्या खटाटोपात एकच नियम पाळायचा. वाढणाऱ्याचा हात आणि जेवणाऱ्याची नजर यांच्या वाटेत सजावट येता कामा नये. समोर बसलेल्या आत्याचा चेहरा फुलदाणीमागे गेला किंवा कढी वाढताना वहिनीची बांगडी तोरणात अडकली, तर ती सजावट कितीही सुंदर असो, काढून ठेवावी.

आधी टेप, मग कात्री

सहा माणसांचं टेबल साधारण ६० इंच लांब आणि ३६ इंच रुंद असतं. आपलं ताट १२ इंची. कडेपासून १ इंच सोडून ताट मांडलं, तर समोरासमोरची दोन ताटं मिळून २६ इंच जागा घेतात आणि मध्ये १० इंच उरतात. ताटामागे महिरप ठेवली की ती दोन्ही बाजूंनी आणखी दोन-दोन इंच घेते. मग मधल्या पट्टीला राहतात फक्त ६ इंच. म्हणजे टेबलावर सजावटीची खरी जागा एवढीच, आणि पुढची सगळी मापं या ६ इंचांवर बेतली आहेत. तुमचं टेबल किंवा ताट वेगळं असेल तर हाच हिशेब आपल्या मापाने करून घ्या.

लांबीच्या बाजूला तिघं बसले तर प्रत्येकाच्या वाट्याला २० इंच येतात. १६ इंच रुंदीची महिरप ठेवून दोन महिरपींमध्ये फुलपात्रापुरती जागा निघते. टेबलाच्या दोन्ही टोकांनाही खुर्च्या लावणार असाल, तर लांबीच्या बाजूला दोघंच बसवा आणि टोकाच्या दोघांना महिरप देऊ नका, कोपऱ्यात गर्दी होते. त्यांच्या ताटाभोवती झेंडूच्या पाकळ्यांची बारीक रेघ काढली की त्यांनाही उणं वाटत नाही.

उंचीचं माप सोपं आहे. टेबलावर वीत उभी धरा. वितीपेक्षा उंच काही नको.

पातेली, कढीचं भांडं, पुऱ्यांचा डबा हे सगळं जेवणाच्या टेबलावर आणूच नका. जवळ एक टीपॉय किंवा स्टूल ठेवा आणि तिथून वाढा. आग्रह करायला उभं राहून वाढणारं माणूस लागतंच, मग टेबल भांड्यांनी कशाला भरायचं? हा टीपॉय लक्षात ठेवा. दिवे आणि धान्याची रांगोळी त्याच्यावर जाणार आहे.

महिरप: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

महिरप म्हणजे ताटाच्या वरच्या अंगाला बसणारी अर्धगोल कमान. एकदा नीट केली की दहा वर्षं टिकते, म्हणून घाई करू नका. दसऱ्यानंतरचा पहिला रविवार हिच्यासाठी राखून ठेवा.

लागणारं सामान असं: पुस्तकबांधणीचा जाड पुठ्ठा, खणाचं कापड (दोन ब्लाउजपीस सहा महिरपींना पुरून उरतात), गोट्याची (चमकदार जरीच्या फितीची) बारीक पट्टी किंवा पांढरे मोती, फेविकॉल, पाठीला लावायला जाड कागद. पुठ्ठा इंदूरच्या खजूरी बाजारात वह्या-पुस्तकांच्या दुकानांत मिळतो. खण आणि गोटा सीतलामाता बाजारात. मिठाईच्या डब्याचा पुठ्ठा वापरू नका, तो फेविकॉलचा ओलावा लागला की वाकतो आणि महिरप होडीसारखी उचलली जाते.

आधी वर्तमानपत्रावर नमुना काढा. ताटाचा व्यास १२ इंच असेल तर आतल्या कमानीची त्रिज्या साडेसहा इंच ठेवा, म्हणजे ताट उचलायला बोटभर जागा राहते. बाहेरच्या कमानीची त्रिज्या ८ इंच. एवढा मोठा कंपास घरात नसतो. टाचणीला दोरा बांधा, दुसऱ्या टोकाला पेन्सिल, आणि दोरा ताणून अर्धवर्तुळ फिरवा. दोरा मात्र न ताणला जाणारा घ्या, लोकरीचा घेतला तर गोल बिघडतो. कागदी नमुना कापून टेबलावर ठेवा, त्यात खरं ताट, वाट्या, फुलपात्र मांडा, घरातल्या कुणाला तरी खुर्चीवर बसवा आणि हात फिरवून बघायला सांगा. कोपर लागतंय का, पाणी घेताना अडतंय का? इथे माप बदलणं सोपं आहे, पुठ्ठा कापल्यावर नाही.

पुठ्ठा कापायचं काम आजोबांचं किंवा बाबांचं. खाली जुना पोळपाट किंवा लाकडी फळी घ्या. कटर एकदाच जोर लावून ओढू नका. त्याच रेघेवरून हलक्या हाताने तीन-चारदा फिरवा, म्हणजे कड गुळगुळीत निघते आणि हातही सुरक्षित राहतो. बाहेरच्या कडेला पाकळ्या हव्या असतील तर एक रुपयाचं नाणं ठेवून ओळीने अर्धगोल काढा. मुलांना हे काम फार आवडतं, आणि कडेपासून सुरुवात न करता कमानीच्या माथ्यापासून दोन्हीकडे गेलं की पाकळ्या सारख्या येतात.

आता खण. इरकल, पैठणीचा तुकडा, काहीही चालेल, पण खणाच्या कापडाची वीण घट्ट आणि नक्षी बारीक असते, त्यामुळे दीड इंचाच्या पट्टीतही ती पूर्ण दिसते. मोठ्या बुट्ट्यांचं कापड इथे तुटक दिसतं. कापड पुठ्ठ्यापेक्षा चारी बाजूंनी अर्धा इंच मोठं कापा.

फेविकॉल कापडाला कधीच लावू नका, पुठ्ठ्याला लावा. तोही जुन्या लग्नपत्रिकेच्या तुकड्याने ओढून पातळ पसरा, इतका की पुठ्ठ्याचा रंग खालून दिसला पाहिजे. जास्त झाला तर तो कापडातून वर येतो, वाळल्यावर काळपट डाग पडतो आणि मग काही केल्या जात नाही. कापड मधून कडेकडे हाताने बसवत जा आणि अर्धा तास थांबा.

कड दुमडणं हे यातलं खरं कसब. आतली कड गोलाईच्या आत येते, तिथे कापडाला बोटभर अंतराने कात्रीने चिरा द्या, पण पुठ्ठ्यापासून तांदळाच्या दाण्याइतकं अंतर सोडून थांबा. पुठ्ठ्यापर्यंत चीर गेली की पुढून दिसते. बाहेरच्या कडेला कापड जास्त होतं, तिथे छोटे त्रिकोण कापून काढा. मग एकेक तुकडा मागे दुमडून चिकटवत जा. आजीला हे सांगावं लागत नाही. तिने गोल गळ्याच्या ब्लाउजला हेच केलेलं असतं, म्हणून हा टप्पा तिच्याकडे द्या आणि मुलांना शेजारी बसवा.

पाठीला जाड कागद चिकटवून वर वजन ठेवा आणि रात्रभर राहू द्या. वजनाला जुने दिवाळी अंक उत्तम.

शेवटी कडेला गोटा किंवा मोती. मोती चिकटवले की वर्षभरात गळतात. त्यापेक्षा मोत्यांची सर ओवून घ्या, कडेला ठेवा आणि दर चार मोत्यांनंतर बारीक सुईने सरीचा दोरा खालच्या खणाला टाचत चला. वेळ जातो, पण माळ हलत नाही. चमकी आणि चिकट टिकल्या वापरू नका. त्या सुटतात आणि नेमक्या श्रीखंडात पडतात. ही ताटाजवळची वस्तू आहे, इथे सुटं असं काहीही नको.

मधली पट्टी

महेश्वरी ओढणी घरात असेल तर शिवायची गरजच नाही. लांबीच्या दिशेने घडी घालत ६ इंचांवर आणा, हलकी इस्त्री करा आणि टेबलाच्या मधोमध पसरा. दोन्ही टोकांना सारखी लोंबू द्या. खुर्चीवर बसणाऱ्याच्या मांडीवर येत असेल तर तेवढी खाली दुमडून घ्या.

साडी विरली असेल आणि काठ शाबूत असतील, तर दोन्ही काठ कापून एकमेकांना जोडा. जोड मधोमध येतो, त्यावर नंतर हार बसणार असल्याने तो झाकला जातो. खाली जुन्या सुती चादरीचं अस्तर लावा, नाहीतर पट्टी घसरत राहते. कड दोनदा दुमडून तुरपाई करा. जरीला इस्त्री उलट बाजूने, मंद आणि वर मलमल ठेवूनच करायची. हल्लीच्या बऱ्याच जरीत प्लास्टिकचा धागा असतो, तो गरम इस्त्रीने आकसतो. धड असलेली साडी मात्र या कामासाठी कापू नये, कितीही जुनी असली तरी.

महेश्वरीचे काठ नीट बघा, मुलांनाही दाखवा. चटाई, ईंट, हीरा, चमेलीचं फूल अशी त्यांच्या नक्षीची नावं आहेत, आणि महेश्वरच्या किल्ल्याच्या दगडी कोरीवकामावरून ती उतरली आहेत. इंदूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं, तेव्हा जमलं तर दिवाळीआधी घाटावर एक चक्कर मारा. दगडातली आणि काठावरची नक्षी एकच आहे हे मुलांनी स्वतः शोधून काढलं की पुढचा मांडणा त्यांच्या हातून वेगळाच उतरतो.

मांडणा पुठ्ठ्यावर

माळव्यातल्या घरांत दिवाळीला अंगण शेणाने सारवून, गेरू देऊन त्यावर खडियाने, म्हणजे खडूसारख्या पांढऱ्या मातीने, मांडणे काढतात. रांगोळीत कोरडी पूड चिमटीतून सोडतात. मांडण्यात पातळ कालवलेली खडिया बोटांवरून उतरते, त्यामुळे रेघेला जाड-बारीक असा जिवंतपणा येतो. फरशीच्या घरांत अंगण उरलं नाही, पण मांडणा टेबलावर आणता येतो.

पुठ्ठ्याच्या ५ इंची गोल चकत्या कापा, तीन पुरेत. महिरपीच्या आतून निघालेला पुठ्ठा इथे कामी येतो. चार चमचे गेरू, एक चमचा फेविकॉल आणि ताकाइतकं पातळ होईल एवढं पाणी. फेविकॉल न घालता काढलं तर गेरू कपड्यांना लागतो. दोन हात द्या. पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा, आणि तोही आडवा-उभा बदलून. कड आणि पाठही रंगवा, म्हणजे चकती एका बाजूला वाकत नाही.

पांढऱ्यासाठी चार चमचे खडिया, अर्धा चमचा फेविकॉल आणि थोडं पाणी. हे मिश्रण गेरूपेक्षा दाट, पण बोटावरून ओघळेल इतकं सैल हवं. आता कापसाचा बोळा त्यात बुडवा आणि अंगठा व करंगळी वगळता मधल्या तीन बोटांच्या खाली तळहातात धरा. अनामिका टेकवा. बोळा हलका दाबला की पांढरं पाणी बोटावरून टोकापर्यंत येतं आणि बोट पुढे सरकलं की मागे रेघ उमटते. दाब कमी-जास्त झाला की रेघ पातळ-जाड होते. पहिल्यांदा वर्तमानपत्रावर गिरवा. ज्यांच्या शेजारी माळवी काकी राहतात, त्यांनी त्यांनाच बोलवावं. हे हात बघून जितकं येतं तितकं वाचून येत नाही.

एवढ्या छोट्या चकतीवर फार काही भरू नका. मध्ये एक चौकोन, त्यावर तिरका दुसरा चौकोन, म्हणजे आठ कोन झाले. प्रत्येक कोनावर एक पाकळी, आत बारीक उभ्या रेघांची भरण. दुसऱ्या चकतीवर लक्ष्मीची पावलं, तिसरीवर चटाईचा काठ गोल फिरवून. लहान मुलांना बोट जमत नसेल तर कानातला कापसाचा काडा द्या, पण एक चकती त्यांच्या बोटाने होऊ द्या. ती थोडी वाकडी येईल आणि टेबलावर नेमकी तीच सगळ्यांना आवडेल.

या चकत्यांवर गरम भांडं ठेवायचं नाही आणि पाणीही सांडू द्यायचं नाही. त्या फक्त फुलांना बसायला आहेत.

फुलं: आदल्या संध्याकाळी आणि त्याच सकाळी

झेंडू लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घेतला तर भाव चढलेला असतो. पाडव्यासाठी शक्यतो दोन दिवस आधी, घट्ट आणि अर्धवट उमललेली फुलं घ्या. पूर्ण फुललेल्याच्या पाकळ्या ओवताना गळतात. घरी आणल्यावर फुलं वर्तमानपत्रावर उलटी करून हलकेच आपटा आणि अर्धा तास सावलीत पसरून ठेवा, आतल्या मुंग्या आणि बारीक किडे निघून जातात. जेवणाच्या टेबलावर ही खबरदारी देवघरापेक्षा जास्त हवी. नंतर ओल्या फडक्यात सैल गुंडाळून टोपलीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधली की आत घाम धरतो आणि फुलं काळी पडतात.

टेबलावरचा हार दाराच्या तोरणासारखा ओवायचा नाही. तोरणात सुई देठातून फुलाच्या मधोमध जाते आणि फुलं एकावर एक बसून हार गोल होतो. तसा हार टेबलावर लोळतो. इथे सुई फुलाच्या खालच्या हिरव्या भागातून आडवी काढा. एक फूल डावीकडे तोंड करून, पुढचं उजवीकडे, मध्ये आंब्याचं पान दुमडून. असा हार चपटा बसतो आणि दोन्ही बाजूंच्या माणसांना फुलांचं तोंड दिसतं. दोरा दुहेरी घ्या, त्यावरून मेणबत्तीचा तुकडा फिरवा, म्हणजे झेंडूच्या चिकाने तो अडत नाही. सुती दोराच घ्या. नायलॉनचा घेतला तर हार ओल्या कचऱ्यात टाकता येत नाही.

आंब्याची पानं आदल्या दिवशी ओल्या कपड्याने दोन्ही बाजूंनी पुसा. शहरातल्या झाडांवर धूळ किती बसते ते फडकं सांगतं. झेंडूची हिरवी पानं मात्र काढून टाका, त्यांचा उग्र वास जेवणावर येतो. निशिगंध आणि मोगऱ्याबद्दलही माझं हेच मत आहे. ती दारात, देवापुढे, बैठकीत हवीत. मसालेभाताच्या वाफेत मोगरा मिसळला की दोन्हींची मजा जाते. टेबलावर झेंडू आणि शेवंती पुरे.

कण्हेर टेबलावर आणायचीच नाही, पिवळी असो की गुलाबी. देवाला आपण ती वाहतो, म्हणून ती निरुपद्रवी वाटते, पण तिच्या पानाफुलांत, चिकात आणि बियांत विष असतं आणि ते हृदयावर परिणाम करतं. रुईची फुलंही नकोत. टेबलाशी लहान मुलं असतात, त्यांचे हात फुलावर जातात आणि तेच पुरीवर येतात.

टीपॉयवरचं: धान्य आणि दिवे

रांगोळीची पूड जेवणाजवळ नको, पंख्याच्या वाऱ्याने उडते. त्याऐवजी मोठ्या ताटात धान्याची रांगोळी करा. पांढरा तांदूळ, पिवळी मूगडाळ, केशरी मसूरडाळ, हिरवे मूग. आणखी रंग हवे असतील तर एक वाटी तांदळाला पाव चमचा हळद आणि चार थेंब पाणी चोळून सावलीत वाळवा, गडद पिवळा येतो. त्याच हळदीच्या तांदळाच्या अर्ध्या भागाला चिमूटभर खाण्याचा सोडा ओलसर करून चोळा, तो लालसर होतो. हळद आणि चुना मिळून कुंकू होतं, त्यातलंच हे तत्त्व. मुलांसमोर करून दाखवा, डोळे विस्फारून बघतील.

ताटात आधी पातळ कोरडं कापड पसरा, नाहीतर डाळ घरंगळते. कागदाच्या पुंगळीतून बाहेरच्या वर्तुळापासून आत येत भरा. इथे गोंद लावायचा नाही, धान्य नंतर पोटात जाणार आहे. आजी-आजोबा आणि नातवंडं यांना एकत्र बसवायचं तर हे काम सर्वांत चांगलं. वाकावं लागत नाही, चुकलं तर चमच्याने उचलून पुन्हा भरता येतं.

शेजारी पितळी घंगाळ किंवा परात. चिंच आणि मिठाने घासून, धुऊन लगेच कोरडी करा, ओली राहिली की पुन्हा डाग पडतात. तीन चतुर्थांश पाणी भरा, झेंडूच्या पाकळ्या सोडा आणि तरंगते दिवे ठेवा. मातीच्या पणत्या वापरणार असाल तर त्या आधी तीन-चार तास पाण्यात भिजवून वाळवा, तेल कमी पितात. राजवाड्याच्या आसपास दिवाळीत रस्त्याकडेला पणत्यांचे ढीग लागतात, तिथून घेताना तळ सपाट आहे ना, हे टेकवून बघा. रंगवायच्या तर फक्त बाहेरून. आतून रंग दिला तर तो तेलात उतरतो आणि ज्योत धुरकट होते. प्रत्येक पणतीखाली स्टीलची झाकणी ठेवा, मातीतून तेल झिरपतं.

जेवणाच्या टेबलावर उघडी ज्योत ठेवू नका. वाढताना पदर, ओढणी, मुलांचे झब्बे सगळं त्यावरून जातं. तिथे उजेड हवाच असेल तर पतंगी कागदाचे छोटे कंदील करा. जाड कागद लांबीत दुमडा, दुमडलेल्या बाजूने दोन बोटं कड सोडून सारख्या अंतरावर चिरा द्या, उघडून गोल वळवा, आत पतंगी कागदाची नळी आणि सेलवरचा दिवा. पाच-सहा वर्षांचं मूलही बोथट कात्रीने करतं.

नावं आणि विडे

प्रत्येक महिरपीच्या माथ्यावर नावाचं चिटोरं ठेवा. नावं मुलांनी लिहावीत आणि त्यांच्या हाकेप्रमाणे लिहावीत: आजी, दादाआजोबा, माईआत्या, भोपाळवाले काका. पाहुण्यांना हे छापील नावापेक्षा जास्त भावतं. सुती रुमालाची गुंडाळी करून ती नाडाछडीने बांधा आणि चिटोरं त्यात खोवा. विडे मात्र जेवणाच्या तासभर आधीच लावा. लवंग टोचून, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा आणि माणसं बसायच्या वेळी मांडा. पंख्याखाली विड्याचं पान लवकर सुकतं.

मांडायचा क्रम

सकाळी आंघोळी, पूजा झाल्या की टेबल पुसून कोरडं करा. आधी पट्टी, मग चकत्या, एक मधोमध आणि दोन टोकांकडे. त्यांच्यामधून हार नागमोडी फिरवा आणि चकत्यांवर चार-चार शेवंती ठेवा. नंतर महिरपी, मग ताटं आणि शेवटी रुमाल, नावं. हे झाल्यावर सगळ्या खुर्च्यांवर एकेकाने बसून समोर बघायचं. कुणाचा चेहरा झाकला जात असेल किंवा हात अडत असेल तर त्याच वेळी बदल करा. हार जेवणाच्या दोन तासांहून आधी मांडू नका, आणि त्यावर पाणी शिंपडू नका. पट्टीवर गेरूचे डाग उतरतात.

पाटावर जेवणाऱ्या घरांनी पट्टी सोडून द्यावी. महिरप आहे तशीच ताटापुढे ठेवा आणि मांडण्याच्या चकत्या पाटाच्या कोपऱ्याला.

जेवणानंतर

हात धुऊन झाल्यावर मुलांना कामाला लावा. हाराचा दोरा आधी ओढून काढा, मग फुलं-पानं ओल्या कचऱ्यात किंवा कुंडीत. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं येत आलं, ते कचरा घरातच वेगळा करायची सवय लागल्यामुळे. दिवाळीत ती मोडायचं कारण नाही. कंदिलाचा कागद सुक्यात, त्यातले सेल वेगळे.

महिरपींवर काही सांडलं असेल तर ओल्या नव्हे, किंचित दमट फडक्याने टिपून घ्या आणि दिवसभर उघड्या हवेत राहू द्या. मग दोन महिरपींमध्ये वर्तमानपत्र घालून सपाट डब्यात आडव्या ठेवा. डांबरगोळी नको, खणाला वास धरतो आणि पुढच्या वर्षी तो ताटापाशी येतो. वाळलेला कडुनिंबाचा पाला कापडात बांधून टाका. डब्याच्या झाकणावर आतून कागद चिकटवा आणि त्यावर किती महिरपी, किती चकत्या, ताटाचं माप, पट्टी कुठल्या कपाटात आहे, हे लिहून ठेवा.

धान्याचं ताट दुसऱ्या दिवशी उचला. रंगवलेले तांदूळ धरून सगळं एकत्र करा, निवडा, तीन पाण्याने धुवा. त्यात हिरवे मूग असल्यामुळे तासभर भिजवावं लागतं, नाहीतर तांदूळ शिजतो आणि मूग कच्चे राहतात. मग हिंग, जिरं, कढीपत्ता आणि लसणाच्या फोडणीची खिचडी. फराळाने जड झालेल्या पोटांना ती बरी वाटते. मीठ जपून घाला, तांदळात आधीच सोडा गेलेला असतो.